फरशीचा डाग आणि व्रण

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती ग्रॅनाइटची. लिंबाच्या रसाने तिचे सहसा काही बिघडत नाही. परंतु इलाइट चौराह्यालगतच्या एखाद्या घरातली फरशी कोटा वा संगमरवराची असेल, तर तिचे कूळ चुन्याचे. तिच्यावर लिंबू, चिंच वा बाजारातले ॲसिड पडले, की दगडच झिजतो. मागे उरणारा पांढुरका ठसा हा डाग नव्हे, व्रण होय. घासून तो जाईल कसा? त्याला पुन्हा पॉलिशच हवे. तेलाचा डाग मात्र निघतो. खडूची पूड साबणाच्या सौम्य पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, दिवसभर झाकून ठेवावा, मग उघडा वाळू द्यावा. वाळता वाळता तो तेल शोषून घेतो. एका लेपाने क्वचितच भागते. आणि घरच्यांचा धीर सुटून ॲसिडची बाटली पुढे येते ती नेमकी तेव्हाच.