मोटारसायकलचे कुलूप आणि चोराची मिनिटे



कुलूप घ्यायला दुकानात गेलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘हे तुटणार तर नाही ना?’ दुकानदार ‘नाही’ म्हणतो आणि व्यवहार पुरा होतो. पण न तुटणारे कुलूप आजवर कोणी केलेले नाही, आणि बॅटरीवरचा ग्रायंडर पिशवीत मावू लागल्यापासून तर ती आशाच सोडावी. विचारायचे ते वेगळेच आहे. हे तोडायला वेळ किती लागेल आणि तेवढ्या वेळात ते कोणाच्या कानावर, कोणाच्या नजरेस पडेल? औसेकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. आपला औशाचा किल्ला भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही, उलट भोवतालची जमीनच उंच. तरी बांधणाऱ्यांनी नुसत्या दरवाजाच्या फळ्या जाड करून काम भागवले नाही. रुंद खंदक, दुहेरी तटबंदी आणि लोहबंदी दरवाजापाशी आलेल्याला सरळ आत घुसू न देणारी वळणाची वाट, अशी ती सारी रचना आहे. प्रत्येक वळणावर शत्रूचा वेळ जातो आणि तेवढा वेळ तो तटावरच्या माणसाच्या माऱ्यात उभा राहतो. तटावर माणूसच नसेल, तर खंदक म्हणजे नुसता हौद. गाडीचे कुलूपही त्याच जातीचे. ते चोराला अडवत नाही, खोळंबवते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘ज्याला न्यायची तो नेणारच.’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण पश्चिम जर्मनीत त्याची परीक्षा नकळत होऊन गेली आहे. तिथे हेल्मेटची सक्ती 1976 पासून होती. 1980 मध्ये विनाहेल्मेट स्वाराला जागेवर दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा होता, चोरीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पण 1980 साली तिथे सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या, त्या 1986 पर्यंत 54 हजारांच्या आसपास आल्या. हाताला लागली म्हणून गाडी उचलणाऱ्याजवळ हेल्मेट नसे, आणि उघड्या डोक्याने निघाला की पहिल्याच चौकात पोलीस हटकत. पॅट मेह्यू, रोनाल्ड क्लार्क आणि डेव्हिड इलियट या अभ्यासकांनी 1989 मध्ये हे आकडे तपासून मांडले. आता विचार करा, बरोबर एक हेल्मेट नेले असते तर चोराची अडचण संपली असती. एवढ्याशा अडचणीने तिनातल्या जवळजवळ दोन चोऱ्या थांबल्या. म्हणजे ‘नेणारच’ म्हणून निघालेले चोर थोडे होते. बाकीचे सोय पाहणारे. ‘मग ते शेजाऱ्याची दुसरी गाडी नेतील’ हाही आक्षेप त्याच आकड्यांवर घासून पाहता येतो. त्या काळात सायकलींच्या चोऱ्या काही काळ वाढल्या आणि पुन्हा उतरल्या. मोटारींच्या वाढल्या त्या अगदी किरकोळ. मोटारसायकलीवरून हटलेला चोर सगळाच्या सगळा दुसरीकडे वळला नाही.

आता आपल्या गाडीकडे येऊ. कंपनीकडून मिळते ते हँडल लॉक. त्यात एक खिट्टी हँडलच्या दांड्यातल्या खाचेत बसते. नेटाने हिसका दिला की ती मोडते. चावीच्या नळीत पातळ पत्र्या असतात, त्या आणि चावी वर्षानुवर्षे घासून झिजतात. म्हणून जुन्या गाडीला दुसऱ्याच गाडीची झिजलेली चावी लागते, याचे नवल वाटू नये. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीचा लॉकसेट बदलणे हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त, आणि तोच कोणी करत नाही. पुढचा पर्याय म्हणून दुकानात डिस्क लॉक दाखवतात. वस्तू चांगली आहे, खिशात मावते, डिस्कच्या भोकात अडकली की चाक फिरत नाही. पण खेड्यापाड्यांत चालणाऱ्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना डिस्कच नाही, ड्रम ब्रेक आहे! शिवाय अशा गाडीचे वजन एकशे दहा-बारा किलो. कापसाची गाठ हलवणाऱ्या दोघांना ती टेम्पोत टाकणे जड नाही. चाक फिरले नाही म्हणून गाडी जागची हलत नाही, असे मुळीच नाही.

तेव्हा गाडी कशाला तरी बांधली पाहिजे, आणि बांधायला साखळी लागते. प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली तारेची केबल दिसायला जाड असते, पण आतल्या बारीक तारा कटरने काही क्षणांत तुटतात. ती हेल्मेट अडकवण्यापुरतीच ठेवावी. साखळी कठीण केलेल्या पोलादाची हवी. दहा मिलिमीटरपर्यंतची कडी मोठ्या कटरला दाद देते. सोळाच्या पुढे हाती कटरचे काही चालत नाही, ग्रायंडरच लागतो, आणि ग्रायंडरचा आवाज नि ठिणग्या गल्लीला उठवतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. ती पुढच्या चाकातून घालू नये, ते चाक पान्याने निघते. मागच्या चाकातून आणि चौकटीतून घालावी. एवढी जाड साखळी चांगलीच जड भरते, रोज बाजारात कोण वागवणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून ती वागवूच नये. गाडी रात्रभर उभी राहते ती जागा ठरलेली असते. तिथे भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये कडी गाडून साखळी तिथेच ठेवावी. मोंढ्यात किंवा बसस्थानकाबाहेर हलके कुलूप चालेल, पण गाडी वर्दळीत, दुकानाच्या तोंडासमोर लावावी. तिथे तटावरचा माणूस तो दुकानदार.

कुलपांची अशी उघड चिरफाड केल्याने चोर शिकतात, असे काहींना वाटते. 1851 साली लंडनमधल्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने नावाजलेले चब कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामाचे कुलूप उघडणाऱ्याला दोनशे गिनी, अशी पाटी पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत कित्येक दशके लागलेली होती. तेही त्याने उघडले, पण सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास घालवून. तेव्हाही हाच ओरडा झाला. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना हे आधीच ठाऊक असते, अंधारात असतो तो गिऱ्हाईक. मला त्या दोन आकड्यांतले अंतर अधिक बोलके वाटते. दोन्ही कुलपे उघडलीच, पण एक्कावन्न तास कोणता चोर रस्त्यावर बसेल?

कुलपाच्या जोडीला जीपीएसचे यंत्र म्हणाल, तर ते गाडी गेल्यावर कामाला येते, तेही चोराने वायर तोडली नसेल तर. उरला विमा. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे, आणि त्या पाच वर्षांच्या भरवशावर अनेक जण निर्धास्त असतात. पण ती सक्ती तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरती आहे. स्वतःच्या गाडीच्या चोरीचे संरक्षण पुष्कळदा पहिल्या वर्षीच संपते. ते असले तरी भरपाई गाडीच्या घटलेल्या किमतीवर मिळते, आणि विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. तेव्हा आज घरी गेल्यावर विम्याच्या कागदावर चोरीचे संरक्षण संपण्याची तारीख पाहा, आणि दुसरी चावी कुठे ठेवली आहे तेही पाहा.