शेवट ठाऊक असलेली लढाई : ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ कसे वाचावे

‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ हे डीसी कॉमिक्सचे मासिक 1981 साली अमेरिकेत सुरू झाले आणि 1987 पर्यंत त्याचे 67 अंक निघाले. त्याचा कर्ता रॉय थॉमस. पहिल्या अंकांची पेन्सिलची रेखाटने रिच बकलरची आणि त्यावरची शाई जेरी ऑर्डवेची. कथेचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे, आणि पहिल्याच अंकात 7 डिसेंबर 1941 चा रविवार येतो. जपानी विमाने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकतात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट देशातल्या सगळ्या मुखवटेधारी वीरांना बोलावतात, आणि त्याच घटकेला 1947 सालातून एक माणूस मागे येऊन हा दिवस आपल्या मुठीत धरू पाहतो. त्याचे नाव पेर डेगॅटन.

युद्धाचा निकाल प्रत्येक वाचकाला ठाऊक असताना ही लढाई रंगते कशी, हे समजले की या कलेतले बरेच काही उलगडते.

त्यासाठी आधी खऱ्या युद्धकाळातली कॉमिक्स पाहावी लागतात. हिटलरला ठोसा मारणारा कॅप्टन अमेरिका मार्च 1941 अशी तारीख छापलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. त्याच्याही आधी, फेब्रुवारी 1940 मध्ये, ‘लुक’ या पाक्षिकाने सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांकडून दोन पानांची चित्रकथा करून घेतली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांना उचलून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो आणि युद्ध संपते. दोन पानांत हे खपून गेले. पण अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरल्यावर प्रश्न अंगावर आला. पोलादी अंगाचा माणूस एका दुपारी बर्लिन जिंकू शकत असेल, तर खंदकांतली पोरे मरताहेत कशासाठी? सुपरमॅनच्या वृत्तपत्रीय मालिकेने 1942 च्या सुरुवातीला काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. क्लार्क केंट सैन्यात भरती व्हायला जातो. डोळ्यांची तपासणी सुरू होते. उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण दृष्टी भिंतीपलीकडे जाते आणि तो समोरच्या तक्त्याऐवजी शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर त्याला नापास करतात. जगातले सर्वांत तीक्ष्ण डोळे सैन्याला निकामी ठरतात, आणि सुपरमॅन घरच्या आघाडीवरच राहतो. त्या काळच्या लेखकांनी युद्धातल्या माणसांचा मान किती जपून राखला, हे त्या चार चौकटींत दिसते.

थॉमसचा जन्म 1940 चा, म्हणजे तो या कॉमिक्सवरच वाढला. पुढे तो शिक्षक झाला, कॉमिक्सप्रेमींसाठीच्या ‘ऑल्टर ईगो’ या नियतकालिकाच्या सुरुवातीच्या काळापासून त्याच्याशी जोडला गेला, आणि 1965 पासून मार्व्हलमध्ये लिहू लागला. तिथे त्याने 1975 साली ‘इन्व्हेडर्स’ हा युद्धकालीन चमू उभा केला होता. डीसीकडे आल्यावर त्याने तोच ध्यास मोठ्या पटावर घेतला. त्याने जुन्या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळ्या जातीचे आहे. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला गेला असे मानतात तो भाला व्हिएन्नाच्या राजखजिन्यात होता आणि 1938 मध्ये हिटलरने तो न्यूरेंबर्गला हलवला, ही खरी गोष्ट. थॉमसने त्या भाल्यात जादू घातली. जे वीर जादूपुढे दुबळे किंवा जादूवरच जगणारे, ते हिटलरच्या हद्दीत शिरले की त्याच्या कह्यात जाणार. म्हणून त्यांनी तिकडे जायचे नाही. इतिहासातल्या खऱ्या वस्तूवर कल्पनेचे एकच टोक टेकवायचे आणि बाकी इतिहास जसाच्या तसा ठेवायचा, ही थॉमसची पद्धत. ती लक्षात आली की त्याची पाने वाचण्याची गोडी दुप्पट होते.

डेगॅटन मात्र थॉमसचा नव्हे. तो जॉन ब्रूमने लिहिलेल्या कथेत, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या 1947 मधील 35व्या अंकात पहिल्यांदा आला. प्रोफेसर झी यांचा तो मदतनीस. झी कालयंत्र बनवतात, डेगॅटन त्यांच्यावर गोळी झाडतो आणि यंत्र घेऊन इसवी सनापूर्वी 331 मध्ये अर्बेलाच्या रणांगणावर जातो. तिथे अलेक्झांडर हरला, तर ग्रीक विद्येचा प्रसार थांबेल, विज्ञानाची वाढ खुंटेल, आणि विसाव्या शतकातली यंत्रे जागच्या जागी नाहीशी होतील, असा त्याचा हिशेब. मुलांच्या मासिकात, 10 सेंटांच्या अंकात, ही कल्पना यावी याचे आजही नवल वाटते. जस्टिस सोसायटी हा वीरांचा संघ त्याला हरवतो, काळ रुळावर येतो आणि घडलेले सारे न घडलेले होते. डेगॅटनजवळ उरतात फक्त स्वप्ने. आपण एकदा जगाचे धनी झालो होतो असे त्याला झोपेत दिसते.

थॉमसने नेमकी ही स्वप्ने उचलली. त्याचा डेगॅटन 1947 मधून 1941 मध्ये येतो तो हल्ल्याच्या सकाळी, देशाचे लक्ष हवाईकडे लागलेले असताना. वोटान, सॉलोमन ग्रंडी अशा खलनायकांना त्यांच्या त्यांच्या वर्षांतून उचलून तो सोबत आणतो आणि त्यांच्या हातून जस्टिस सोसायटीच्या बिनीच्या वीरांना पकडवतो. म्हणून रूझवेल्टच्या हाकेला धावून येतात ते दुसऱ्या फळीतले: धातूच्या शरीरात माणसाचा मेंदू असलेला रोबोटमॅन, एक गणिती सूत्र उच्चारून वेग मिळवणारा जॉनी क्विक, फिलाडेल्फियाची घंटा वाजली की बळ येणारी लिबर्टी बेल. कलेच्या दृष्टीने ही निवड फार मोलाची आहे. सुपरमॅनचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत असते. पण जुन्या मासिकांच्या मागल्या पानांतून आलेल्या या पात्रांचे भविष्य वाचकाला ठाऊक नसते. युद्धाचा निकाल पक्का, माणसांचा निकाल मोकळा. उत्कंठा राहते ती या फटीत. पुढे जॉनी आणि लिबर्टी यांचे जुळते, लग्न होते, आणि वाचक त्यात गुंतत जातो.

तीन अंकांनंतर डेगॅटन हरतो. काळ पूर्ववत होतो तशी त्याची आठवण पुसली जाते आणि वीरांचीही. पर्ल हार्बर मात्र घडलेलेच राहते. तिथली जहाजे बुडतात, माणसे मरतात, आणि तिथे कोणताही वीर वेळेवर पोहोचत नाही. त्यांना तिथे पोहोचवण्याचा मोह थॉमसने टाळला, ही त्याच्या लेखनातली सर्वांत प्रामाणिक जागा आहे. वीर जे जिंकतात ते त्यांना आठवतसुद्धा नाही. साक्षीदार एकटा वाचक.

1982 साली डेगॅटन परत आला तो ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ आणि हे मासिक यांच्या पाच अंकांत मिळून चाललेल्या कथेत. या वेळी तो 1962 मधल्या क्युबातून सोव्हिएत क्षेपणास्त्रे चोरतो आणि 1942 मध्ये नेतो. डीसीच्या कथांतल्या अनेक समांतर जगांपैकी ज्या जगातून ती चोरीला जातात ते वाचकांचे स्वतःचे जग, जिथे महावीर फक्त कॉमिक्समध्ये असतात. तिथे एक महासत्ता दुसरीवर चोरीचा आळ घेते आणि अणुयुद्ध पेटते. हे लिहिले गेले तेव्हा क्युबाच्या पेचाला जेमतेम वीस वर्षे झाली होती. काळात हात घालणारा खलनायक कशासाठी वापरायचा, याचे इतके चांगले उदाहरण क्वचित सापडते: टळलेला प्रसंग टळलाच नसता तर काय झाले असते, हे तो दाखवतो.

चित्रांकडे पाहताना आधी शाईकडे पाहावे. ऑर्डवेच्या बारीक, भरीव रेघेमुळे 1940च्या दशकातले सूट, टोप्या आणि मोटारी खऱ्या वाटतात, आणि त्याच चौकटीतला पंखधारी हॉकमन परका वाटत नाही. 19व्या अंकापासून पेन्सिलही त्याच्याच हाती आली. त्यानंतर पाने अधिक मोकळी झाली. मग चौकटींच्या माथ्यावरचा मजकूर पाहावा. तारीख, ठिकाण, कधी नेमका प्रहर असे सारे तिथे दिलेले असते. थॉमस तिथे फार लिहितो, कधी चित्रात दिसते तेच पुन्हा सांगतो, आणि त्याचे फुगे पात्रांच्या डोक्यावर दाटी करतात. हा दोष खराच. तरी तारखांमुळे वाचकाला मागचे खरे जग सतत जाणवत राहते.

त्या खऱ्या जगातल्या लाजिरवाण्या गोष्टींनाही मासिकाने जागा दिली. फेब्रुवारी 1942 मध्ये डेट्रॉइटच्या सोजर्नर ट्रूथ वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला येऊ नयेत म्हणून दंगल झाली होती. 1984 च्या अंकांत ती कथेचा विषय झाली, आणि तिच्या मध्यभागी होता अमेझिंग-मॅन हा कृष्णवर्णीय वीर, पूर्वाश्रमीचा ऑलिंपिक खेळाडू. त्सुनामी ही जपानी वंशाची अमेरिकन मुलगी शत्रूच्या बाजूने आली ती घरच्याच देशात मिळालेल्या द्वेषामुळे, आणि पुढे तिने बाजू बदलली.

1985-86 मध्ये डीसीने आपली अनेक जगे एकात मिसळली. त्यात या मासिकाच्या पायाखालची जमीनच गेली, आणि शेवटचे अंक मुख्यतः जुन्या वीरांच्या जन्मकथा सांगण्यात खर्ची पडले. ते घाईने वाचले तरी चालतील. डेगॅटनचा हिशेब मात्र 1985 च्या ‘अमेरिका व्हर्सेस द जस्टिस सोसायटी’ या चार अंकांत पुरा होतो. गोळी लागून कालयंत्रात पडलेले प्रोफेसर झी त्या वर्षी बाहेर येतात, मारेकऱ्याचे नाव घेतात, आणि म्हातारा झालेला डेगॅटन स्वतःवर गोळी झाडतो. वाचनाला सुरुवात करणाऱ्याने आधी 1947 ची ब्रूमची कथा, मग ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’चे पहिले तीन अंक, मग 1982 चे पाच आणि शेवटी हे चार, असा क्रम धरावा.