धूर कुणाच्या वाट्याला येतो?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



प्रदूषण म्हटलं की हवा, पाणी, आवाज आणि शेवटी 'झाडे लावा', हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला आहे. आज मी मुंबईतल्या एकाच जागेबद्दल बोलणार आहे: देवनारची कचराभूमी आणि तिला खेटून वसलेली शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर ही गोवंडीची वस्ती. इथे आपली माणसं मोठ्या संख्येनं राहतात. दलित आणि परप्रांतातून आलेले मजूरही राहतात.

देवनारला मुंबईचा कचरा 1927 पासून पडतो आहे. खाडीकाठची तीनशे एकरांहून मोठी जागा, आणि तिच्यावर कचऱ्याचे अक्षरशः डोंगर. हे डोंगर पेटतात कसे, ते समजून घ्या. भाताची शितं, भाजीचे देठ, मटणाची हाडं असा ओला कचरा प्लास्टिकसकट टाकला आणि त्यावर आणखी थर चढले, की आत हवा जात नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन वायू तयार होतो, आणि मिथेन पेट घेतो. वरून पाणी मारून ज्वाळा विझल्या तरी पोटात आग धुमसत राहते. प्लास्टिक, रबर जळून निघणारा तो धूर घराघरात शिरतो.

जानेवारी 2016 मध्ये अशी आग लागली की धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा भडका उडाला. त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची नीट विल्हेवाट लागेपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. आता गंमत बघा. वस्ती वर्षानुवर्षं खोकत होती, तोवर हा 'झोपडपट्टीचा प्रश्न' होता. नव्या इमारती अडल्या तेव्हा तो मुंबईचा प्रश्न झाला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी अटींवर उठवली. देवनारला साचलेला सुमारे 185 लाख टन जुना कचरा हटवण्याचं कंत्राट महापालिकेने काढलं ते 2025 मध्ये.

हे सगळं ज्या एम-पूर्व विभागात येतं, तो 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात शेवटच्या क्रमांकावर होता. कचराभूमी इथे आणि कत्तलखानाही इथेच. रुग्णालयांतला जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्पही 2009 मध्ये इथेच आला. शहराला जे जवळ नको असतं, त्याला हा पत्ता मिळतो. हा योगायोग आहे, असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. ज्यांचं घर बेकायदा ठरवलं जातं, त्यांची तक्रारही बेकायदा असल्यासारखी ऐकली जाते.

कायद्यांची कमतरता नाही. पाण्यासाठी 1974 चा कायदा आहे, हवेसाठी 1981 चा, आणि भोपाळच्या वायुकांडानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलं. पण कायदा आपणहून गल्लीत येत नाही. त्याला ओढून आणावं लागतं. गोवंडीच्या रहिवाशांनी ते केलं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले, आणि 2023 मध्ये न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात हलवायला सांगितला. तिथं ना दंगल झाली, ना कुणाच्या धर्माचा मुद्दा निघाला. कागद जमवले आणि चिकाटीने लढले.

टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. खालापूरलाही माणसं राहतात. आपल्या दारातला धूर दुसऱ्याच्या दारात गेला, तर गोवंडीला श्वास मिळतो. पण मूळ सवाल तसाच राहतो. कुठेही असो, चिमणीतून नेमकं काय बाहेर पडतं, हे कोण तपासणार? आणखी एक अवघड गोष्ट. याच डोंगरावर प्लास्टिक, काच, धातू वेचून शेकडो घरांच्या चुली पेटतात. आगीनंतर पहारा वाढला आणि वेचणाऱ्यांचीच वाट अडवली गेली. कचराभूमी बंद झालीच पाहिजे, पण सुका कचरा वेगळा करण्याच्या केंद्रांवर पहिली नोकरी त्यांना मिळाली पाहिजे. हे काम त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही. ही मागणी जोडली नाही, तर आपण आपल्याच गरीब शेजाऱ्याविरुद्ध लढू.

आता थोडं घरातलं. तहारतीवर आपण तास-तास बोलतो. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हा सदका आहे, हे मदरशातलं पोरही सांगेल. मग वलीम्यानंतर थर्माकोलच्या ताटल्या आणि उरलेली बिर्याणी एकाच ढिगात कशी जाते? घनकचरा नियमांनुसार परवाना नसलेल्या जागी 100 हून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल, तर पालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, ही आयोजकाची जबाबदारी आहे. किती शादीखान्यांत हे माहीत आहे? ईद-उल-अज़हाला कुर्बानीचे अवशेष प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नाक्यावर ठेवले, तर पुढचं सगळं मिथेनचंच काम. मोहल्ला कमिटीने आधीच वॉर्ड ऑफिसशी बोलून वेगळी गाडी ठरवायला हवी. आपलं घर नीट असलं की वॉर्ड ऑफिसात आवाज चढवून बोलता येतं, हा माझा अनुभव आहे.

तर कामाचं बोलू. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत, म्हणून प्रश्न नेमके ठेवा. आपल्या वॉर्डातून रोज किती कचरा उचलला जातो? ओला-सुका वेगळा किती? तो कुठे जातो? जवळच्या प्रकल्पाच्या चिमणीची गेल्या वर्षभराची मोजणी काय सांगते? हा शेवटचा प्रश्न पालिकेला नव्हे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारायचा. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथून आलेल्यांनीही आपापल्या गावासाठी हेच करायचं. अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत, मराठीत आणि उर्दूतही. चहाच्या सुट्टीत एकेक उचला आणि आपल्या वॉर्डाचं नाव घालून मला दाखवा.