माळवद, स्लॅब आणि पंखा

धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत वैशाखांतल्या दुपारीं पाऊल टाकणारास प्रथम जाणवतो तो गारवा. हातभराहून जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया व त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन त्या मातींतून आंत उतरेपर्यंत दिवस मावळे, आणि माणसें तर वर गच्चीवर निजत. या गारव्यास दमडीचें इंधन लागत नसे.

तीच माती ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काळ झाली. लातूरकडील किल्लारी आणि या जिल्ह्यांतील सास्तूर व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,००० माणसें गेलीं. पुढें जीं नवीं घरें उभीं राहिलीं त्यांवर बहुधा काँक्रीटचा स्लॅब आला. ज्यानें आपलीं माणसें मातीखालून उपसून काढलीं, त्याला माळवदाचे गुण सांगणें हा निर्दयपणा होय.

परंतु पातळ स्लॅब दिवसभर तापतो व ती धग रात्रीं घरांत सोडतो. (पत्र्याची गोष्ट तर बोलावयासच नको.) मग रात्रभर पंखा. ७५ वॅटचा पंखा १० तास फिरला कीं पाऊण युनिट वीज जाते; उन्हाळ्याच्या १२० दिवसांत ९० युनिट. आपल्या देशांतील बहुतेक वीज कोळशावर होते, आणि एका युनिटामागें सरासरी सुमारें ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत मिसळतो. म्हणजे एका पंख्यामागें ६३ किलो, १४.२ किलोचें गॅसचें दीड सिलिंडर जाळल्यानें होतो तितका. याच वायूनें पृथ्वीचा ताप वाढत आहे, आणि ताप वाढला कीं पंखा अधिक फिरणार.

वाशी-भूमकडील माळांवर पवनचक्क्या आहेत खऱ्या; पण वारा जोर धरतो तो आषाढ-श्रावणांत, पंखे थंडावल्यावर. वैशाखाच्या वाराहीन रात्रींचा भार पडतो कोळशावरच.

तेव्हां उपाय छपरावरच हवा. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिल्यास बरेंचसें ऊन परत फेंकलें जातें व खालची खोली कमी तापते. शिवाय नव्या जातीचे पंखे सुमारें ३० वॅटांतच तितका वारा देतात. किंमत मात्र अधिक. चुना स्वस्त, पण पावसानें धुपतो. म्हणून तो दरवर्षीं होळीच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो.