डॉ. पंजाबराव देशमुख : विद्या कोणाच्या कामी आली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



विद्वान माणूस राजकारणात आला की राजकारणाची पातळी उंचावते, असा समज रूढ आहे. वस्तुतः ती विद्वत्ता कोणाच्या कामी आली, हाच खरा प्रश्न होय. वऱ्हाडात त्याचे उत्तर शोधताना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या चरित्रापाशी थांबावे लागते.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा टप्पा ओलांडून १९२० मध्ये ते विलायतेस गेले. एडिंबरोची एम. ए., वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी मिळवून ते १९२६ मध्ये परतले. अध्यापनाची प्रतिष्ठित वाट अशा पंडिताला मोकळी होती. त्यांनी मात्र वेगळी वाट धरली.

१९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. वेदांचा हा अभ्यासक अस्पृश्यांच्या हक्काच्या बाजूने उभा राहिला. त्याच वर्षी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. ग्रंथातील ज्ञान आचरणात उतरले ते असे.

१९३० ते १९३३ या काळात ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. कापसाचे भाव कोसळले होते आणि शेतकरी कर्जात रुतला होता. १९३३ च्या कर्जलवाद कायद्यामागे त्यांची खटपट होती. धनको व ऋणको यांना समोरासमोर बसवून तडजोड घडवावी, फेडीचे हप्ते बांधून द्यावेत, अशी त्याची रचना होती. दिलासा खरा होता. परंतु सावकारीचे मूळ शाबूत राहिले. ज्याच्यापाशी गहाण टाकण्यासही जमीन नव्हती, त्या शेतमजुराला या कायद्याचा आधार बेताचाच होता. शेतकरी म्हणजे एकच वर्ग, ही त्यांची दृष्टी समाजवाद्यांना पुरती मानवणारी नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९३२ मध्ये त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९६९ मध्ये अकोल्यास त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ उभे राहिले.

तरीही याच वऱ्हाडात गेल्या काही दशकांत कर्जापायी शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. महाविद्यालये वाढली, विद्यापीठ आले, पण पदवी घेतलेला मुलगा बापाच्या शेतीकडे पाठ फिरवू लागला. जयंतीच्या दिवशी पुतळ्याला हार घालून हे कोडे सुटणार नाही. भूमिहीनाची मुलगी या संस्थांच्या दारापर्यंत पोचते काय आणि तेथील संशोधन कोरडवाहू बांधापर्यंत जाते काय, याची गावोगाव जाऊन विचारपूस करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. पंजाबरावांची विद्या जेथे थांबली, तेथून पुढची वाट कार्यकर्त्यांनाच चालावयाची आहे.