देवघेवीच्या वहीत एक रकाना



जिल्ह्यातील वाचनालयांच्या या सभेत अनुदान, वेतनश्रेणी, दर्जाबदल यांवरचे ठराव दुपारी येतीलच आणि त्यांना माझा हात वर असेल. मला दिलेला वेळ मात्र मी अशा कामासाठी वापरणार आहे, ज्याला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. एका वाचनालयाचे पुस्तक दुसऱ्या वाचनालयाच्या सभासदाला कसे मिळावे, एवढाच माझा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आमच्या वाचनालयात आल्या. आजोबांनी १९३०च्या सुमारास एक छोटे पुस्तक पदरमोड करून छापले होते. घरात प्रत उरली नव्हती, नाव तेवढे ठाऊक. ग्रंथपालांनी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढली. १८००पासूनच्या मराठी पुस्तकांची नोंद करण्यात दात्यांनी आयुष्य घातले. आपल्या धंद्यातल्या माणसाने त्यांचे नाव घेताना उभे राहावे. नोंद सापडली! पण पहिला खंड निघून ऐंशी वर्षे झाली. आज ती प्रत कोणत्या गावच्या कपाटात आहे, हे त्यावरून कसे कळणार?

मग फोनाफोनी. ओळखीचे ग्रंथपाल, त्यांच्या ओळखीचे ग्रंथपाल. शेवटी पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात प्रत निघाली. तिथल्या ग्रंथपालांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून एसटीच्या पार्सलने पाठवली. सोबत देवघेवीची चिठ्ठी होती आणि तिच्यावर सभासद म्हणून त्यांनी स्वतःचेच नाव घातले होते. दुसरे काय करणार? पुस्तक ‘वाचनालयाला’ दिले असे लिहायला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. पुस्तक गहाळ झाले असते तर भरपाई त्यांच्या खिशातून गेली असती. आणि आपले खिसे किती खोल आहेत, हे या सभागृहाला मी सांगायला नको.

त्या गृहस्थांचे उपकार आहेतच. पण एखाद्याच्या भलेपणावर चालणारी सोय तो माणूस निवृत्त झाला की बंद पडते.

पैसे नाहीत, असे आपण पटकन म्हणतो. टपालाचे पाहू. १ मे २०२५पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल कुठवर पोहोचले तेही कळते. नियतकालिके तिच्यातून जात नाहीत, म्हणजे जुन्या मासिकांची अडचण राहतेच. पण कादंबरी, चरित्र, संतवाङ्मय पाठवायला एवढा खर्च काही फार नाही, आणि तो मागणारा वाचक आनंदाने देतो असा माझा अनुभव आहे.

पुस्तके फिरवणे आपल्याला नवीनही नाही. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले, आणि पुढे तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयातून लाकडी पेट्या भरून पुस्तके खेड्यांकडे जाऊ लागली. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या समुद्रापारच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. महाविद्यालयांचे ग्रंथपाल १९८८ साली दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यातून एकमेकांची पुस्तके मागवतात. मागे राहिलो ते आपण सार्वजनिक वाचनालयवाले, राज्यभरात हजारोंच्या संख्येने असूनही.

अडते कुठे, ते स्पष्टच बोलतो. आपला दर्जा ठरताना ग्रंथसंख्या मोजतात. तपासणीच्या दिवशी पुस्तक कपाटात दिसले की कार्यवाह निश्चिंत. ते कोणी उघडले की नाही, याची फारशी चौकशी होत नाही. बाहेरगावी गेलेले पुस्तक मात्र लगेच डोळ्यांवर येते. मग दाखल क्रमांक सुरक्षित राहतो आणि पुस्तक कसरीच्या तोंडी पडते. रंगनाथनांची पाच सूत्रे आपण फ्रेम करून भिंतीवर लावली आहेत. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्राखालच्या खुर्चीवर बसूनच आपण ‘बाहेरच्यांना पुस्तक मिळणार नाही’ म्हणतो.

म्हणून मी अर्ध्या पानाचा करार सुचवतो. पुस्तक घेणारे वाचनालय, व्यक्ती नव्हे. त्याचीच जबाबदारी, त्याचाच शिक्का. देवघेवीच्या वहीत त्याचा वेगळा रकाना, म्हणजे तपासणी अधिकाऱ्यांना पुस्तक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येईल. मुदत सहा आठवडे, कारण जाण्यायेण्यात दिवस मोडतात. दोलामुद्रिते, पाने तुटू लागलेली पुस्तके आणि एकमेव प्रती हलवायच्या नाहीत. लेखक जाऊन साठ वर्षे उलटली असतील तर हव्या त्या पानांची छायाचित्रे काढून पाठवावीत. जुन्या मासिकांनाही हीच वाट बरी. बाईंच्या आजोबांचे पुस्तक न हलवायच्या यादीतच बसले असते, हे मलाही दिसते. ते एसटीच्या टपावर भिजले नाही, हे नशीब.

दुसरे काम सूचीचे. लगेच राज्यव्यापी संकेतस्थळाची स्वप्ने नकोत. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर तिथे नोंदी कोणी भरत नाही. दात्यांचे दोन खंड १९५०पर्यंत येतात. ते समोर ठेवायचे आणि आपल्या कपाटात आहे त्या पुस्तकापुढे खूण करायची. तालुक्यातल्या ‘अ’ वर्गाच्या वाचनालयाने सुरुवात करावी; ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात सेवक एकच असतो, त्याच्या डोक्यावर हे ओझे टाकायचे नाही. जिल्हा ग्रंथालय संघाने त्या खुणा गोळा करून संगणकावर चढवाव्यात. ज्यांच्याकडे ई-ग्रंथालय किंवा कोहा ही संगणकप्रणाली आहे त्यांचे काम बरेच हलके होईल.

कराराचा मसुदा आपल्या पिशवीत, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे आहे. तिसरे कलम गहाळ पुस्तकाच्या भरपाईचे: छापील किंमत द्यायची की आजची? बारा आण्यांच्या पुस्तकाचे बारा आणे घेऊन कोणाचे समाधान होणार? तिथे वाद होईल हे मी धरूनच चाललो आहे. कार्यवाहांना माझी विनंती, तो वाद जेवणाआधीच घ्यावा. जेवणानंतर कोरम राहत नाही.