रोशा गवत

पावसाळा सरता सरता खानदेशात, सातपुड्याच्या उतारांवर माणसाच्या उंचीचं एक गवत फुलोऱ्यात येतं. हे रोशा गवत, म्हणजेच तिखाडी. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो, तो त्यातल्या जिरॅनिऑल या सुगंधी घटकाचा. या गवतापासून काढलेल्या तेलाचा इतिहास जरा लबाडीचाच! एकेकाळी ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळलं जाई. आज ते उघडपणे साबणात आणि अत्तरात वापरतात.

लागवडीसाठी मोतिया जातीचंच बी घ्या. सोफिया या दुसऱ्या जातीचं तेल कमी प्रतीचं. उन्हाळ्यात रोपं तयार करून पावसाच्या सुरुवातीला निचऱ्याच्या जमिनीत लावा. एकदा लावलं की तीन-चार वर्षं कापणी मिळते. पण तेल काढायची भट्टी जवळपास नसेल, तर या पिकाच्या वाटेला जाऊ नका.